ईसीयूतील जळलेला घटक: मिसिंगच्या एका तक्रारीचा प्रकरण अभ्यास

चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन असलेली ही गाडी आमच्याकडे आली ती निदान ठरवूनच. दुसरा सिलिंडर पेटत नव्हता; यालाच मिसिंग किंवा मिसफायर म्हणतात. त्याची इग्निशन कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारा भाग, तिसऱ्या सिलिंडरवर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावून पाहिली, तरी बिघाड जागचा हलला नव्हता, आणि म्हणून आधीच्या कारागिराने ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, निकामी झाल्याचे सांगून तो बदलण्याचा सल्ला दिला होता. हा निष्कर्ष चुकीचा नव्हता. ईसीयू उघडल्यावर त्यात जळलेला घटक खरोखरच सापडला. पण तेवढ्यावर थांबून नवा ईसीयू बसवला असता, तर तोही जुन्याच्या वाटेने गेला असता. तो का गेला असता, हे या नोंदीत सविस्तर मांडले आहे.

या गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे आणि प्रत्येक कॉइलला दोनच वायरी आहेत. एका वायरीतून रिले आणि फ्यूजमार्गे बॅटरीचा पॉझिटिव्ह पुरवठा येतो. दुसरी थेट ईसीयूत जाते, जिथे एक ट्रान्झिस्टर ती काही मिलिसेकंदांसाठी अर्थला जोडतो आणि ठिणगी हवी त्या क्षणी तोडतो. हा ट्रान्झिस्टर आयजीबीटी जातीचा, खास इग्निशनसाठी बनवलेला असतो. ज्या गाड्यांत कॉइलला तीन किंवा चार वायरी असतात, त्यांत हा ट्रान्झिस्टर बहुधा कॉइलच्याच पोटात असतो आणि ईसीयू त्याला फक्त कमी व्होल्टेजचा इशारा देतो, त्यामुळे तिथे कॉइल शॉर्ट झाली तर सहसा ती एकटीच मरते. दोन वायरींच्या रचनेत मात्र कॉइलचा प्रत्येक दोष ईसीयूतल्या ट्रान्झिस्टरला सोसावा लागतो. मिसिंगच्या कोणत्याही तक्रारीत हात लावण्यापूर्वी कॉइलच्या वायरी मोजाव्यात असे माझे ठाम मत आहे, कारण पुढची कोणती चाचणी निर्धोक आणि कोणती घातक हे त्यावरच ठरते.

पूर्वेतिहास आणि स्कॅनरवरचे कोड

मालकाला विचारल्यावर जी हकिगत कळली ती कोडपेक्षा अधिक बोलकी होती. बऱ्याच दिवसांपासून चढावर पिकअप कमी पडत होता आणि इंजिन तापल्यावर मधूनच झटके बसत होते. एके दिवशी चढावरच इंजिन पूर्ण बंद पडले. कॉइलचा फ्यूज उडालेला आढळला, तो वाटेतच बदलला, आणि इंजिन पुन्हा सुरू झाले ते तीन सिलिंडरवर. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर त्या जागी १५ अँपिअर लिहिलेले आहे; आम्ही पाहिले तेव्हा तिथे २० अँपिअरचा फ्यूज होता. मालकाला हा तपशील किरकोळ वाटत होता. पुढे सगळी साखळी जोडताना याच फ्यूजचा आधार मिळाला.

स्कॅनरवर पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर, आणि पी०३५२ म्हणजे दुसऱ्या कॉइलच्या सर्किटमधला बिघाड, हे दोन कोड पक्के होते. त्यांच्याखाली पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर, अजून पक्का न झालेला म्हणून नोंदलेला होता. ईसीयू मिसफायर ओळखतो तो क्रँकशाफ्टच्या वेगातील सूक्ष्म चढउतारांवरून, आणि एक सिलिंडर पूर्ण बंद असला की त्याच्या धक्क्यामुळे लगतच्या सिलिंडरवर खोटा आळ येऊ शकतो, हे बहुतेक कारागिरांना ठाऊक असते. त्यामुळे असा कोड दुर्लक्षिला जातो. येथे मात्र ज्वलनाचा क्रम १-३-४-२ असा आहे. या क्रमात दुसऱ्याचे लगतचे सिलिंडर चौथा आणि पहिला. तिसरा त्याच्यापासून क्रँकच्या पूर्ण एका फेऱ्याइतका दूर आहे. दुसऱ्याच्या धक्क्याने खोटा कोड यायचाच, तर तो पहिल्याचा किंवा चौथ्याचा यायला हवा होता. तिसऱ्याचे नाव येण्याला स्वतंत्र कारण असणार, ही पहिली शंका इथे आली.

दुसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरला पल्स मिळत नव्हती, आणि एवढ्यावरून ईसीयूत दोन वेगवेगळे भाग जळले असे मानण्याचा मोह होतो. अनेक ईसीयू सतत मिसफायर होणाऱ्या सिलिंडरचे पेट्रोल स्वतःहून बंद करतात, जेणेकरून न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन तो भाजून निघू नये. कोड पुसून इंजिन सुरू केले तेव्हा इंजेक्टरची पल्स परत आली आणि थोड्या वेळात पुन्हा थांबली. इंजेक्टरची बाजू त्यामुळे निकाली निघाली.

ऑसिलोस्कोपवर काय दिसले

कॉइलच्या ट्रिगर वायरीवर, म्हणजे ईसीयूकडे जाणाऱ्या वायरीवर, ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची बदलती आकृती दाखवणारे यंत्र) लावताना व्होल्टेज विभागणारा प्रोब वापरणे अनिवार्य आहे, कारण ठिणगीच्या क्षणी याच वायरीवर ३५० ते ४०० व्होल्टची उसळी येते. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरवर आकृती जशी असायला हवी तशी होती: बॅटरीच्या पातळीवरची सरळ रेषा, मग ट्रान्झिस्टर सुरू झाल्यावर सुमारे दीड व्होल्टपर्यंत घसरण, सुमारे अडीच मिलिसेकंदांनी तीव्र उसळी, त्यानंतर ठिणगी जळत असतानाची रेषा आणि शेवटी विरत जाणारी कंपने. दुसऱ्या सिलिंडरवर केवळ बॅटरीच्या पातळीची अखंड सपाट रेषा होती. म्हणजे पुरवठा कॉइलमधून वायरीपर्यंत पोहोचत होता, पण तिला अर्थ देणारे कुणी नव्हते. ट्रान्झिस्टर शॉर्ट अवस्थेत असता तर हीच रेषा शून्याजवळ चिकटलेली दिसली असती. सपाट रेषा पाहून ईसीयूचा ट्रान्झिस्टर उघडा पडला, म्हणजे आतून तुटला, असे म्हणावेसे वाटते, परंतु कॉइल आणि ईसीयू यांच्यामध्ये वायर तुटलेली असली तरी चित्र हेच दिसते.

त्यानंतर चारही कॉइलांना पुरवठा करणाऱ्या सामाईक वायरीभोवती करंट क्लॅम्प, म्हणजे वायर न तोडता करंट मोजणारा चिमटा, लावला. ही चाचणी मला या प्रकारच्या बिघाडात सर्वांत मोलाची वाटते, कारण एकाही कनेक्टरला न उघडता चारही कॉइल एकापाठोपाठ एकाच पडद्यावर येतात आणि त्यांची तुलना आपोआप होते. कॉइलच्या प्रायमरीतून, म्हणजे बॅटरीच्या बाजूच्या वेढ्यांतून, करंट एकदम वाढत नाही. तिच्या इंडक्टन्समुळे, म्हणजे करंटमधला बदल अडवण्याच्या गुणामुळे, तो शून्यापासून तिरका चढत जातो. पहिल्या आणि चौथ्या कॉइलचा चढ साडेसहा अँपिअरच्या आसपास संपत होता. दुसऱ्याच्या जागी रिकामी जागा होती, जी अपेक्षितच होती. इंजिन थंड असताना तिसऱ्याचा चढ इतरांसारखाच दिसला. इंजिन तापत गेले तसा त्याचा पाया बदलू लागला: सुरुवातीलाच करंट उभा उडी घेऊन काही अँपिअरवर जात होता आणि तिथून पुढे चढत होता.

हे दिसताच इंजिन बंद केले. कॉइलच्या आत वेढे एकमेकांना शॉर्ट झाले की इंडक्टन्सचा अडसर कमी होतो आणि करंट असा उडी घेतो. तिसऱ्या सिलिंडरवर बसलेली ही कॉइल मूळची दुसऱ्या सिलिंडरची होती. अदलाबदल करून पाहण्याच्या चाचणीत ती तिसऱ्यावर गेली. दुसऱ्याचा ट्रान्झिस्टर तोपर्यंत मेलेला असल्यामुळे चांगली कॉइल तिथे लावूनही तो सिलिंडर पेटला नाही. आणि कॉइल निर्दोष असल्याचा निवाडा झाला. प्रत्यक्षात दोषी कॉइल आता नव्या जागी बसून तिसरा ट्रान्झिस्टर तापवत होती. कॉइलची अदलाबदल ही चाचणी सर्रास शिकवली जाते आणि ट्रान्झिस्टर कॉइलमध्येच असेल तिथे ती उपयोगीही आहे. ट्रान्झिस्टर ईसीयूत असताना मात्र ती दोषी कॉइलला निर्दोष ठरवू शकते, शिवाय दुसरा बळी घेऊ शकते. अशा गाडीत संशयित कॉइल जागेवरून हलवायची असेल, तर आधी तिचा करंटचा चढ तपासावा. आणि तो दिसतच नसेल, तर ती कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर न लावता वेगळ्या टेबलावर न्यावी.

वायरिंगची तपासणी

ईसीयू उघडण्यापूर्वी वायरिंग निर्दोष असल्याचे सिद्ध करणे आवश्यक होते. मल्टिमीटरने दोन टोकांतला रेझिस्टन्स मोजणे इथे पुरेसे नसते, कारण वायरीतला एकच धागा शाबूत असला तरी मीटर जवळजवळ शून्य ओहम दाखवतो. करंट वाहण्याची वेळ आली की मात्र तीच वायर हात टेकते. म्हणून ईसीयूचा आणि कॉइलचा कनेक्टर काढून त्या वायरीतून २१ वॅटचा बल्ब पेटवला, वायर हलवून-वाकवून पाहिली, आणि बल्ब पेटलेला असताना वायरीच्या दोन टोकांत किती व्होल्टेज पडते ते मोजले. ते नगण्य होते. ती वायर अर्थला, पॉझिटिव्हला किंवा शेजारच्या वायरींना कुठे चिकटलेली नव्हती. ईसीयूच्या अर्थ पिनांवर स्टार्टर मारताना होणारी व्होल्टेजची घट आणि अल्टरनेटरचे चार्जिंग व्होल्टेजही तपासले. दोन्ही ठीक होते. जंप स्टार्ट करताना केबल उलट्या लागल्याचा इतिहास नव्हता. याहून अधिक वेळ या बाजूला देण्याची गरज नव्हती.

कॉइल आणि प्लग

चारही कॉइल काढून प्रायमरीचा रेझिस्टन्स मोजला. सगळ्यांचा सुमारे ०.६ ओहम आला आणि दोषी कॉइल त्यात वेगळी ओळखता आली नाही. दोष सेकंडरीच्या, म्हणजे प्लगकडच्या उच्च व्होल्टेजच्या बाजूच्या, हजारो वेढ्यांपैकी काहींत असतो, तोही बहुधा तापल्यावर उघड होतो, आणि अनेक कॉइलांत सेकंडरीच्या मार्गात डायोड असल्याने साध्या मीटरने ती बाजू मोजताही येत नाही. मीटरवर योग्य आकडा आला म्हणून कॉइल चांगली असे समजणे हे या क्षेत्रातले फार खोलवर रुजलेले अज्ञान आहे, आणि त्यापायी कितीतरी ईसीयू विनाकारण जळत असावेत असे मला वाटते.

दोषी कॉइल गाडीच्या ईसीयूवर पुन्हा लावायची नाही हे ठरलेले होते. टेबलावर स्वतंत्र इग्निशन ड्रायव्हर, ठरावीक अंतराचा ठिणगी परीक्षक आणि करंट क्लॅम्प अशी मांडणी करून तिला गरम हवेने इंजिनवरच्या तापमानाजवळ नेले. थंड असताना ठिणगी नियमित होती. तापल्यावर करंट सुरुवातीलाच सुमारे तीन अँपिअरवर उडी घेऊ लागला, शेवटचा आकडा दहाच्या जवळ गेला, आणि ठिणगी तुटक झाली. बाकीच्या तीन कॉइल त्याच परीक्षेत थंड आणि गरम अशा दोन्ही अवस्थांत सारख्याच वागल्या.

प्लगची अवस्था पाहून या दोषाचे मूळही हाती आले. इलेक्ट्रोडमधले अंतर ०.९ मिलिमीटर असायला हवे होते. झिजून ते तीन प्लगवर १.२ ते १.३ आणि दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर १.४ मिलिमीटर झाले होते. आधीच्या ठिकाणी प्लग साफ करून त्याच जागी परत बसवले होते, हे येथे महत्त्वाचे ठरले. दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर कार्बनची एक बारीक काळी रेघ होती, आणि तिच्याशी जुळणारी रेघ तिसऱ्या सिलिंडरवरून काढलेल्या कॉइलच्या रबरी बूटच्या आत होती. त्या कॉइलने दुसऱ्या सिलिंडरवर काम करताना ठिणगी प्लगच्या टोकाऐवजी बाहेरून उतरवली होती, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण. अंतर वाढले की ठिणगी पडण्यासाठी अधिक व्होल्टेज लागते, आणि ते व्होल्टेज कॉइलच्या आतल्या इन्सुलेशनवर सतत ताण देत राहते.

ठिणगी पडलीच नाही तर काय होते, हे समजून घेतल्याशिवाय ट्रान्झिस्टर का मेला ते कळत नाही. प्रायमरीचा इंडक्टन्स ४ मिलिहेन्री धरला आणि करंट साडेसहा अँपिअर असला, तर प्रत्येक वेळी कॉइलमध्ये सुमारे ८५ मिलिज्यूल ऊर्जा साठते. ठिणगी पडली की ती ऊर्जा प्लगकडे जाते. ठिणगीला वाट मिळाली नाही तर तिचा बहुतांश भाग प्रायमरीकडे परततो आणि आयजीबीटीच्या आतल्या क्लॅम्पमध्ये (व्होल्टेज ठरावीक मर्यादेवर रोखणाऱ्या भागात) उष्णता होऊन जिरतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरला सेकंदाला २५ वेळा ठिणगी लागते, म्हणजे ही उष्णता दोन वॅटच्या वर जाते. नेहमीच्या कामात त्याच ट्रान्झिस्टरमध्ये साधारण ०.३ वॅट उष्णता निर्माण होते. चढावर, इंजिनवर भार असताना, सिलिंडरमधला दाब वाढल्यामुळे ठिणगी पडणे आणखी अवघड होते. मालकाने सांगितलेले चढावरचे झटके आणि पुढे चढावरच बंद पडलेले इंजिन यांची संगती अशी लागते.

ईसीयू उघडल्यावर

इग्निशन बंद केल्यावर मुख्य रिले सुटेपर्यंत थांबून, मग बॅटरीचा निगेटिव्ह काढून ईसीयू बाहेर घेतला. सोल्डरच्या साहित्याला हात लावण्याआधी त्यातला संपूर्ण प्रोग्रॅम आणि ईप्रॉम या स्मृती-चिपमधली माहिती वाचून दोन ठिकाणी जतन केली. चावीच्या इमोबिलायझरची (चोरीविरोधी यंत्रणेची) जुळणी त्या माहितीतच असते, आणि मूळ ईसीयू दुरुस्त करण्याचा सर्वांत मोठा फायदा हाच की ती जुळणी नव्याने करावी लागत नाही. कनेक्टरच्या पिना कोरड्या होत्या, कुठेही हिरवा गंज नव्हता. पाणी शिरल्याची शक्यता त्यामुळे वगळता आली. ॲल्युमिनियमच्या कवचाचा सिलिकॉन सीलंट कापून झाकण काढले. आतील बोर्ड नेहमीच्या फायबरचा होता. काही ईसीयूंमध्ये सिरॅमिक पट्टीवर केसाहून बारीक तारांनी जोडलेले सर्किट जेलमध्ये बुडवलेले असते, आणि तसे निघाले असते तर सोल्डरने दुरुस्तीचा प्रश्नच उरला नसता.

कॉइलचे चार आयजीबीटी एका ओळीत बसवलेले होते आणि प्रत्येकाच्या गेटकडे, म्हणजे त्याला सुरू-बंद करणाऱ्या पायाकडे, जाणाऱ्या मार्गात १०१ असा शिक्का असलेला, म्हणजे १०० ओहमचा, एक छोटा रेझिस्टर होता. दुसऱ्या मार्गातला रेझिस्टर तपकिरी पडलेला, शिक्का वाचता न येण्याइतका भाजलेला, आणि त्याच्यावरच्या संरक्षक थराला फोड आलेला होता. त्याच्या पुढचा आयजीबीटी भिंगाखालीही अगदी धडधाकट दिसत होता: ना भेग, ना डाग, ना वास.

अशा वेळी नजर जळलेल्या भागावर खिळते आणि तेवढाच भाग बदलला जातो. रेझिस्टर काढून आयजीबीटीचे तीनही पाय मोजले तेव्हा कलेक्टर (कॉइलकडचा पाय) आणि गेट यांच्यात काही ओहमचाच रेझिस्टन्स निघाला, आणि एमिटरचा (अर्थकडच्या पायाचा) दोघांशीही काही संबंध उरलेला नव्हता. शेजारच्या तिघांत गेट आणि एमिटर यांच्यामध्ये आतल्या रेझिस्टरमुळे काही किलोओहम दिसत होते आणि कलेक्टर गेटपासून पूर्ण वेगळा होता. बोर्डवरच्या मोजणीत आकडा स्वतःहून फारसे सांगत नाही. शेजारच्या सारख्या भागाशी त्याची तुलना केली की तो बोलू लागतो. चार सारखे मार्ग शेजारी असणे ही अशा दुरुस्तीतली मोठीच सोय आहे.

या मोजमापांवरून आणि फ्यूजच्या हकिगतीवरून घटनाक्रम असा लावता येतो. दोषी कॉइल आणि न पडणाऱ्या ठिणग्या यांच्या उष्णतेने आयजीबीटीचा गाभा वितळून तीनही पाय आतून एक झाले. कॉइल त्यामुळे सतत अर्थला जोडली गेली, ०.६ ओहमची कॉइल आणि वाटेतला किरकोळ रेझिस्टन्स धरला तर त्यातून १८ ते २० अँपिअर वाहू लागले, आणि १५ अँपिअरचा फ्यूज थोड्या वेळाने उडाला. फ्यूजने आपले काम केले होते. त्या जागी २० अँपिअरचा फ्यूज आल्यावर एवढ्या करंटला अडवणारे काही उरले नाही, आणि शेवटी आयजीबीटीच्या आतली एमिटरची तार वितळून तुटली. इंजिन तीन सिलिंडरवर का होईना सुरू झाले ते त्यामुळेच. एमिटर सुटला, पण कलेक्टर आणि गेट एकमेकांना चिकटलेलेच राहिले, आणि बॅटरीचे व्होल्टेज कॉइलमधून थेट गेटच्या रेझिस्टरवर आले. साडेबारा व्होल्ट १०० ओहमवर पडले की दीड वॅटहून अधिक उष्णता होते. त्या आकाराच्या रेझिस्टरची क्षमता वॅटच्या एक दशांशाच्या आसपास असते. तो जळाला, म्हणजे उघडा झाला, आणि त्याच्यामागच्या ड्रायव्हर आयसीचा, म्हणजे गेटला इशारा देणाऱ्या चिपचा, जीव वाचला. डोळ्यांना दिसलेला जळका भाग साखळीतला शेवटचा होता.

दुरुस्ती

आयसी खरोखर वाचली आहे याची खात्री नवा भाग बसवण्यापूर्वी करायची होती. मेलेला आयजीबीटी काढून ईसीयूला टेबलावर करंटची मर्यादा घातलेल्या पुरवठ्यावर चालवले, क्रँक आणि कॅम सेन्सरचे कृत्रिम सिग्नल दिले, आणि रेझिस्टरच्या आयसीकडच्या टोकावर पाहिले. तिथे पाच व्होल्टची पल्स इतर तिघांसारखीच नियमित होती. ही तपासणी न करता नवा आयजीबीटी लावणारे अनेक जण मी पाहिले आहेत, आणि आयसीची ती बाजू कायम सुरू राहणाऱ्या अवस्थेत अडकलेली असेल तर नवा भाग चावी फिरवताच जातो.

काढण्याच्या कामात घाई चालत नाही. आयजीबीटीचा पाठीचा धातूचा पत्रा उष्णता पसरवण्यासाठी तांब्याच्या मोठ्या पट्ट्यावर सोल्डर केलेला असतो आणि तो पट्टा सगळी उष्णता ओढून घेतो. बोर्ड खालून सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत समान तापवला, शेजारचे भाग उष्णतारोधक टेपने झाकले, आणि मगच वरून गरम हवा दिली. शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळते. खालून तापवले नाही तर वरून इतकी उष्णता द्यावी लागते की बोर्डवरची तांब्याची पट्टीच उचकटते.

बदली भाग निवडताना मूळ भागावरच्या क्रमांकाचाच, खात्रीच्या पुरवठादाराकडचा आयजीबीटी घेतला. पाय जुळतात म्हणून एखादा साधा मॉसफेट (दुसऱ्या जातीचा ट्रान्झिस्टर) तिथे लावणे धोक्याचे आहे. इग्निशनच्या आयजीबीटीत क्लॅम्पचे व्होल्टेज ठरलेले असते: ते कमी असेल तर ठिणगी दुबळी होते, जास्त असेल तर कॉइलच्या इन्सुलेशनवर ताण येतो, आणि ठिणगी न पडल्यास परतणारी ऊर्जा सोसण्याची क्षमता साध्या भागात असेलच असे नाही. गेटचा रेझिस्टर १०० ओहमचाच बसवला.

त्यानंतर टेबलावरच चांगल्या कॉइला आणि ठिणगी परीक्षक जोडून चारही मार्ग चालवले. उसळीचे शिखर चारही ठिकाणी जवळजवळ सारखे, चालू अवस्थेतले व्होल्टेज सारखे, आणि काही वेळ चालवल्यावर थर्मल कॅमेऱ्यात चारही आयजीबीटींचे तापमान एकमेकांच्या जवळ आले. मग संरक्षक थर पुन्हा दिला आणि कवच नव्या सीलंटने बंद केले.

गाडीवर ईसीयू बसवण्याआधी दोषी कॉइल बदलली, चारही प्लग योग्य अंतराचे नवे घातले, आणि फ्यूज १५ अँपिअरचा केला. इंजिन चारही सिलिंडरवर सुरू झाले. करंट क्लॅम्पवर चार चढ, थंड इंजिनवर आणि पूर्ण तापल्यावर, एकसारखे दिसले. चढावर भार देऊन चालवल्यानंतर स्कॅनरच्या मोड ०६ मध्ये, म्हणजे ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्यांच्या नोंदीत, चारही सिलिंडरच्या मिसफायरची मोजणी शून्य होती.

एक निर्णय मात्र मोजमापांवर पूर्णपणे सोडता येण्यासारखा नव्हता. तिसऱ्या मार्गाच्या आयजीबीटीने दोषी कॉइल काही काळ सोसली होती. तो आताच बदलावा, असा एक विचार होता, आणि तो अवाजवी नव्हता: एकदा जास्त तापलेला ट्रान्झिस्टर बाहेरून तक्रार न करता आतून कमजोर झालेला असू शकतो. दुसऱ्या बाजूला, त्याची गळती, चालू अवस्थेतले व्होल्टेज आणि तापमान पहिल्या व चौथ्याशी जुळत होते, आणि शाबूत भाग उपटण्यासाठी बोर्डला पुन्हा उष्णता देणे हीदेखील एक इजाच असते. आम्ही तो तसाच ठेवला. मालकाला हे कारणासह सांगितले, तिसऱ्या मार्गाची व्होल्टेज आणि करंटची आकृती इतर तिघांच्या आकृत्यांसह जॉब कार्डला जोडली, आणि पुढच्या सर्व्हिसच्या वेळी तापलेल्या इंजिनवर तीच मोजणी पुन्हा घेऊन या आकृतीशी ताडून पाहावी, तोपर्यंत कॉइलचा फ्यूज पुन्हा उडाल्यास तो बदलून गाडी पुढे नेऊ नये, अशी नोंद त्यावर केली.